तट्टू खडीवर आखडून चालतंय, खोगीरही मानेकडे सरकतं: आधी काय बघायचं?

माळवाट:

मुलीच्या तट्टूबद्दल विचारायचं आहे. खच्ची केलेलं, वय १४, खांद्याशी उंची १२२ सेंमी. दिवसरात्र कुरणात मोकळं असतं, सोबतीला एक घोडी आहे. मुलगी दहा वर्षांची, हेल्मेट-बूट धरून वजन ३४ किलो. खोगीर, रिकिबी, तंग मिळून ७ किलो. आठवड्याला तासाभराच्या चार-पाच रपेटी होतात, बहुतेक चालत, मध्येमध्ये दुडकी.

१. तंग आवळताना पोट फुगवतं. दहा मिनिटांनी तंग ढिला पडतो आणि उतारावर खोगीर थेट मानेकडे जातं.
२. वाटेत गवत दिसलं की डोकं खाली. मुलगी लगामासकट पुढे ओढली जाते.
३. गेल्या आठवड्यापासून खडीच्या वाटेवर छोटी छोटी, आखडती पावलं टाकतंय. मऊ जमिनीवर ठीक चालतं. लंगडत नाही, पण वळताना अडतं. नाल नाहीत. खूर छाटून आठ आठवडे झाले.

खाणं: कुरणातलं गवत हवं तेवढं, आणि संध्याकाळी तोबऱ्यात एक किलो ओट व थोडा कोंडा. अंग छान गोल भरलेलं आहे.

खडीसाठी नाल ठोकून घेऊ का? आणि तंगाच्या पट्ट्याला आणखी एक भोक पाडलं तर चालेल का?

ठाणबंद:

प्रश्नांचा क्रम उलटा करा. तंग आणि गवताला वेळ आहे, तिसऱ्या गोष्टीला नाही.

अंगाने गोल तट्टू, लंगडत नाही पण कठीण जमिनीवर आखडतं, वळताना अडतं. अशा वर्णनावर पहिला संशय लॅमिनायटिसचा घ्यायचा. खुराची भिंत आतल्या हाडाला बारीक पापुद्र्यांनी धरून ठेवलेली असते. त्या पापुद्र्यांना इजा झाली की पकड सैल होते, वरून अंगाचं वजन असतंच, आणि दुखणं वाढलं तर हाड तळव्याच्या दिशेने फिरतं किंवा खाली सरकतं. बहुतेक वेळा दोन्ही पुढचे पाय सारखेच दुखतात, त्यामुळे मान वरखाली करणारं लंगडणं दिसत नाही आणि सगळे म्हणतात खडी टोचत असेल.

आत्ता जाऊन एवढं तपासा:

नाडी. खुराच्या वरचा गोल सांधा, म्हणजे फेटलॉक, त्याच्या मागच्या अंगाला दोन्ही बाजूंनी बोटांची टोकं हलकेच टेकवा. दाबू नका, दाबलं की ठोका हरवतो. निरोगी पायात तो शोधावा लागतो, कधी लागतही नाही. बोट ठेवताच ठणाठण उडत असेल तर काहीतरी बिघडलंय. चारही पाय बघा आणि एकमेकांशी ताडून पाहा. रपेटीनंतर लगेच तपासू नका. खुराच्या गरमपणावर फार विसंबू नका. निरोगी खूरही दिवसातून गार-गरम होत असतं. नाडी जास्त भरवशाची.

वळण. सपाट कठीण जमिनीवर म्होरकी धरून चालत छोटं वर्तुळ घ्या, दोन्ही बाजूंना. निरोगी तट्टू पुढचा पाय दुसऱ्यासमोरून ओलांडून टाकतं. दुखत असेल तर वजन मागे घेऊन उड्या मारल्यासारखं वळतं. एक-दोन पावलांत दिसलं की थांबा, वारंवार वळवून बघू नका.

उभं राहणं. पुढचे पाय पुढे टाकून टाचांवर रेललेलं, किंवा सारखं या पायावरून त्या पायावर वजन टाकणारं. तट्टू नेहमीपेक्षा जास्त वेळ आडवं होतंय का तेही आठवून बघा.

मान आणि चरबी. आयाळीखालचा मानेचा उंचवटा हाताने डावी-उजवीकडे हलतो का? हलत नसेल, कडक असेल, तर धोका मोठा. शेपटीच्या मुळाशी, खांद्याच्या मागे आणि डोळ्यांवरच्या खळग्यांत चरबीचे गोळे आहेत का ते बघा. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण हात सपाट फिरवल्यावर सहज लागायला हव्यात. बोटं खुपसून शोधाव्या लागत असतील तर ते 'छान भरलेलं' नाही, लठ्ठ आहे.

यातलं काही खरं निघालं तर आजच जनावरांच्या डॉक्टरांना फोन करा. ते येईपर्यंत रपेट बंद, कुरण बंद, ओट आणि कोंडा बंद. बंदिस्त जागेत भुसा किंवा वाळूचं जाड अंथरूण घाला, किमान २० सेंमी आणि अगदी दारापर्यंत. तट्टू बहुतेक वेळ दाराशीच उभं राहतं. 'थोडं फिरवलं की रक्त खेळेल' असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, चालवण्याने सैल जोड आणखी ओढला जातो. जुनं उरलेलं वेदनाशामकही स्वतःच्या मनाने देऊ नका. डॉक्टरांना खरी चाल दिसणार नाही, आणि दुखणं दबल्यावर तट्टू नको तेवढं फिरेल.

खूर-खडी:

नालाविषयी. आत्ता नको. नाल ठोकला की भार तळव्यावरून निघून खुराच्या भिंतीवर जातो, आणि इथे संशय आहे तो भिंतीच्याच पकडीवर. वर खिळ्यांचे ठोके. शिवाय खडीवर आखडणं ही तुमच्याकडे असलेली एकमेव सूचना आहे; नालाने ती झाकली जाईल आणि आतलं चालू राहील. पुढे क्ष-किरण काढून, डॉक्टर आणि नालबंद यांनी मिळून ठरवलं तर आधार देणारा नाल किंवा पॅड लागेलही. तो वेगळा निर्णय.

आठ आठवडे मात्र जास्त झाले. खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिमी वाढतं. पुढचा भाग लांबला की प्रत्येक पाऊल उचलताना तो तरफेसारखा भिंतीला हाडापासून ओढतो. संशय असलेल्या तट्टाला चार ते सहा आठवड्यांनी छाटणी हवी, आणि एका बैठकीत फार काढायचं नाही. हेही लक्षात ठेवा की वरून उगवलेलं नवं खूर पुढच्या टोकापर्यंत पोचायला नऊ ते बारा महिने लागतात. म्हणजे आजार ओसरला तरी खूर पूर्ववत व्हायला वर्ष जातं.

पाय उचलून तळवा नीट बघा. खरवडणीने टाचेकडून पुढच्या टोकाकडे साफ करा, उलट नाही. उलट ओढली तर मधल्या त्रिकोणी मऊ भागाला टोचते. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत काळं, घाण वासाचं काही निघालं तर ती सड आहे. तीही टाचेत दुखते आणि पावलं छोटी करते. तळवा आणि भिंत यांच्यामधली पिवळसर रेषा रुंद झाली असेल, तिच्यात लालसर डाग असतील, तर झटका आत्ताचा नाही, काही आठवड्यांपूर्वीच येऊन गेला आहे. खुराच्या बाहेरच्या आडव्या कड्यांकडेही नजर टाका. पुढे जवळजवळ आणि टाचेकडे पसरत गेलेल्या कड्या असतील तर हे जुनं दुखणं समजा.

एकच पाय अचानक टेकवेनासा झाला, तेवढ्याच पायाची नाडी उडतेय, तर तळव्यात पू झाल्याची शक्यता जास्त. दगड लागून आलेली सूज पण बहुतेक एकाच पायात असते. तुमच्याकडे दोन्ही पाय आखडतात, म्हणून ठाणबंद म्हणतात त्याच क्रमाने जा.

सरळसोट:

एवढं कशाला? दोन-तीन दिवस पूर्ण उपाशी ठेवा, नुसतं पाणी द्या. पोट उतरेल, तंगही बसेल आणि पायावरचा भारही कमी होईल.

वैरणवही:

हे अजिबात करू नका. लठ्ठ तट्टाचं खाणं एकदम तोडलं की शरीर साठवलेली चरबी रक्तात सोडतं, ती यकृताला पेलत नाही, रक्त अक्षरशः दुधाळ दिसतं. तट्टं आणि गाढवं यांत हे घोड्यांपेक्षा खूप जास्त दिसतं, आणि जीव जातो. लठ्ठ तट्टू मलूल झालं आणि खाणं सोडलं तर ती त्याच दिवशीची तातडीची गोष्ट. दुसरं म्हणजे घोड्याच्या जठरात आम्ल सतत झिरपत असतं, जेवण असो वा नसो. चार-सहा तासांपेक्षा पोट रिकामं राहिलं की व्रण होण्याचा धोका वाढतो, आणि व्रण झालेलं तट्टू तंग आवळताना आणखी चिडतं.

कमी करायचं ते मोजून. त्यासाठी वजन हवं. काटा नसेल तर टेप चालते. कोपराच्या लगेच मागून, खांद्याच्या उंचवट्यावरून छातीचा घेर घ्या, श्वास सोडल्यावर. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी. दोन्ही सेंमीमध्ये. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११८८०, म्हणजे किलो. अंदाजच आहे, पण दर आठवड्याला त्याच वेळी, त्याच माणसाने मोजलं तर बदल नेमका कळतो.

माळवाट:

सगळ्यांचे आभार. नाडी बघितली. दोन्ही पुढच्या पायांना स्पष्ट लागते, मागच्यांना नीट सापडतही नाही. मान वरून कडक आहे. डॉक्टरांना फोन केला, उद्या सकाळी येतायत. तट्टू आता भुशाच्या अंथरुणावर आत आहे. घेर १५० सेंमी, लांबी १३०. रात्री काय खायला द्यायचं? आणि घोडी बाहेर राहिली की हे आतून सारखं ओरडतं.

ठाणबंद:

डॉक्टरांना पुन्हा फोन करून 'दोन्ही पायांना नाडी उडतेय' हे शब्दशः सांगा. तसं ऐकल्यावर ते आजच यायचं ठरवतील, किंवा रात्रीसाठी औषध सांगतील. बर्फाचं विचारा. ते हो म्हणाले तर फेटलॉकच्या वरपर्यंत, बर्फ आणि पाणी मिसळून, सलग ठेवावं लागतं. पाच मिनिटं नळ मारून काही होत नाही. तट्टू जागचं हलायला तयार नसेल, आडवं राहून उठत नसेल, तर सकाळची वाट बघू नका.

घोडीला शेजारच्या ठाणात आणा किंवा समोर दिसेल अशी बांधा. हा लाडाचा प्रश्न नाही. एकटं पडलेलं तट्टू ठाणात गोल गोल फिरतं, आणि ते फिरणं दुखऱ्या खुरांवरच होतं.

डॉक्टर आले की इन्सुलिनची तपासणी करायला सांगा. लठ्ठ तट्टांच्या लॅमिनायटिसमागे बहुतेक वेळा इन्सुलिनचाच बिघाड असतो. वय १४ आहे, त्यामुळे पिट्युटरीच्या आजाराचीही तपासणी एकत्र होऊन जाऊ दे. अंगावरचे लांब केस मोसमात झडत नसतील तर तेही सांगा.

वैरणवही:

१५० गुणिले १५० गुणिले १३०, भागिले ११८८०. २४६ किलो आलं. या उंचीला मी साधारण २२० धरेन. नेमका आकडा डॉक्टर अंग बघून सांगतील.

आधी तोबरा. एक किलो ओटमध्ये चारशे ग्रॅमच्या वर स्टार्च असतो. एका वेळी वजनाच्या दर किलोमागे एक ग्रॅमच्या आत राहावं, म्हणजे या तट्टाला २४६ ग्रॅम ही कमाल मर्यादा, आणि तीसुद्धा निरोगी असताना. उरलेला स्टार्च लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यात आंबतो. तासभर चालणाऱ्या तट्टाला ओटांची गरजच नाही. कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम कमी. तो रोज देण्यात काहीच मिळत नाही. दोन्ही कायमचे बंद.

आता गवत. आत्ताच्या वजनाच्या दीड टक्का कोरडा चारा, म्हणजे ३.७ किलो. वाळलेल्या गवतातही दहा-बारा टक्के ओल असते, म्हणून काट्यावर साधारण ४.२ किलो. हे चोवीस तासांचं. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय याच्याखाली जाऊ नका. वाटणी अशी: सकाळी १ किलो, दुपारी ७०० ग्रॅम, संध्याकाळी १ किलो, रात्री उशिरा दीड किलो. रात्रीचा वाटा मोठा, कारण ती सगळ्यांत लांब फट असते. बारीक भोकांच्या जाळीत भरा, लवकर संपवत असेल तर दोन जाळ्या एकात एक. अंदाजाने पेंढी टाकू नका; दोन पेंढ्यांत दुपटीचा फरक निघतो. दहा-बारा किलो तोलता येतील असा टांगायचा काटा घेतला की काम झालं, तो सामान तोलायचा असला तरी चालतो.

भिजवणं: वजन आधी करा, मग गवत पूर्ण बुडेल एवढ्या स्वच्छ पाण्यात ठेवा. गार हवेत तासभर, उष्ण हवेत अर्धा-पाऊण तास. त्यापुढे ते आंबायला लागतं. निथळून लगेच द्या, उरलेलं दुसऱ्या वेळेला वापरू नका. ते पाणी साखरेचं आहे, कुठलंही जनावर पिणार नाही अशा जागी ओता. साखर किती निघते हे गवतागणिक बदलतं, म्हणून साखर आणि स्टार्च मिळून दहा-बारा टक्क्यांच्या आत असलेलं गवत मिळालं तर उत्तम. भिजवल्याने क्षारही जातात. त्यामुळे कमी उष्मांकाचं जीवनसत्त्व-खनिज मिश्रण लेबलवरच्या मात्रेने, आणि चाटायला साधं मीठ, गूळ-साखर न मिसळलेलं.

पाणी कायम समोर. आरामात असलेलं या वजनाचं तट्टू दिवसाला साधारण १२ लिटर पितं, उन्हाळ्यात दुप्पटही. भिजवलेलं गवत खाताना थोडं कमी पिईल, घाबरू नका. लीद मात्र मोजा. दिवसातून आठ ते बारा वेळा टाकणं ठीक. अचानक निम्मी झाली, कोरडे खडे पडले, तट्टू कुशीकडे वळून बघतंय, पुढच्या पायाने जमीन उकरतंय, तर पोटशूळ. तेव्हा चारा काढून घ्या आणि डॉक्टर. तोंडातून तेल वगैरे ओतू नका, ते फुप्फुसात जातं.

वजन आठवड्याला अर्धा ते एक टक्का उतरावं, म्हणजे सव्वा ते अडीच किलो. २६ किलोंना अडीच ते पाच महिने लागतील. घाई नको.

कुरणात परत कधी, हे डॉक्टर ठरवतील. सोडाल तेव्हा 'दोनच तास सोडतो' यावर फार विसंबू नका. तट्टं वेळ कमी आहे हे ओळखतात आणि तीन तासांत अंगाच्या वजनाच्या जवळजवळ एक टक्का कोरडा चारा ओढतात. तोंडाला जाळीची मुसकी घातली तर बरंच कमी जातं. ओठ आणि तळ यांत अडीच सेंमी जागा ठेवा, मुसकीतून पाणी पिता येतं का ते उभं राहून बघा, आणि दिवसातून दहा-बारा तासांवर घालू नका. गवतातली साखर उन्हात वाढत जाते आणि दुपारनंतर सर्वांत जास्त असते, म्हणून पहाट ते सकाळ हा वेळ बरा. अपवाद: दंव गोठलेली किंवा फार थंड रात्र गेली असेल तर ती सकाळही टाळा. खुरटं, कुरतडलेलं कुरण सुरक्षित दिसतं पण नसतं. बुंध्याशीच साखर साठते.

मांडपक्की:

तट्टू बरं झाल्यावरचं लिहितो, म्हणजे तोवर तयारी करता येईल.

आधी भाराचं गणित. स्वार आणि खोगीर मिळून तट्टाच्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या आत, खरं तर पंधरा-सतराच्या आसपास बरं. तुमचे ४१ किलो. २४६ ला ते १६.७ टक्के होतात. पण चरबी भार उचलत नाही, तीच भार आहे. गणित २२० वर करायचं: १८.६ टक्के. वीस टक्क्यांची रेघ ४४ किलोंवर आहे, म्हणजे मुलगी सगळं घालून ३७ किलो झाली की हे तट्टू तिला पुरणार नाही. खोगीर दोन किलोंनी हलकं घेतलं तर थोडा वेळ मिळेल. खूर बरं व्हायला वर्ष आणि मुलगी वाढीच्या वयात, याचा विचार आत्ताच करून ठेवा.

तंग. भोक पाडू नका. खोगीर पुढे जातंय ते तंग ढिला आहे म्हणून कमी, तट्टू पिंपासारखं आहे म्हणून जास्त. खांद्याचा उंचवटा चरबीत बुडाला की खोगिराला अडवणारं काही उरत नाही. शिवाय पोट मोठं असलं की तंगाची नैसर्गिक जागा पुढे, कोपराला चिकटून असते. खोगीर मागे ठेवलं तरी तंग आपल्या जागी घसरतो आणि खोगिराला ओढून नेतो. त्यावर आणखी आवळलं तर कोपरामागे कातडी सोलते. पुढून वळण दिलेला तंग घेतला तर ही ओढ कमी होते.

पोट फुगवणं म्हणजे लबाडी नव्हे. येणारा आवळा माहीत असल्याने तट्टू छाती आणि पोटाचे स्नायू ताठ करून धरतं. एका झटक्यात आवळायची सवय असली की हे हमखास होतं. तीन टप्प्यांत घ्या. जमिनीवर फक्त खोगीर हलणार नाही इतका, दोन्ही बाजूंना सारखी भोकं. मग पंधरा-वीस पावलं चालवा, एक भोक वर. पुढचे पाय एकेक करून उचलून पुढे ताणा, म्हणजे तंगाखालची चिमटलेली कातडी सुटते. स्वार बसला की पाच मिनिटांनी शेवटचं भोक. छातीच्या मधोमध तंगाखाली दोन बोटं सपाट गेली पाहिजेत. एवढं करूनही कान मागे टाकून चावायला येत असेल तर व्रण, बरगडी किंवा खोगिराची टोचणी शोधा.

खोगीर बसतं का ते गादी न घालता बघा. थोडं पुढे ठेवून मागे सरकवा, जिथे अडेल तिथे थांबा. खांद्याचं हाड पुढे मोकळं, उंचवट्यावर दोन-तीन बोटं जागा, कण्यावर पुढून मागे आरपार उजेड. मागचं टोक शेवटच्या बरगडीच्या पुढे संपलं पाहिजे. ती १८ वी बरगडी. पोटाकडून वर चाचपत कण्यापर्यंत न्या. लहान तट्टांवर इथेच चुकतं, खोगीर मुलाच्या मापाचं असतं पण पाठीला लांब होतं. रपेटीनंतर घामाचा ठसा दोन्ही बाजूंना सारखा हवा. मध्येच कोरडा डाग म्हणजे तिथे दाब जास्त. आणि वजन उतरतंय तोवर दर महिन्याला हे सगळं पुन्हा. आज बसलेलं खोगीर २६ किलो कमी झाल्यावर दुसऱ्याच पाठीवर असणार आहे.

उतारासाठी दुमची, म्हणजे खोगिरापासून शेपटीखालून जाणारा पट्टा, लावता येईल. शेपटीखालचा भाग मऊ आणि रोज पुसलेला, शेपटीचा एकही केस आत अडकलेला नको, आणि पट्टा व पुठ्ठा यांत हात उभा जाईल एवढी ढील. पहिले काही दिवस नुसती लावून हातात धरून चालवा, स्वार नको. काही तट्टं शेपटीखाली काही आलं की लाथा झाडतात. बारीक झाल्यावर उंचवटा वर येईल आणि कदाचित दुमची लागणारच नाही.

गवताकडे डोकं टाकणं: दहा वर्षांच्या मुलीने दोन्ही हातांनी ओढून तट्टाची मान वर येत नाही. ओढाओढीत तट्टूच जिंकतं आणि प्रत्येक वेळी बक्षीस म्हणून घास मिळतो. तिला आधीची खूण शिकवा. चाल मंदावते, एक कान गवताकडे जातो, नाक थोडं खाली येतं. त्या क्षणी दोन्ही टाचांनी पुढे हाकायचं. पाय चालू असताना डोकं खाली ठेवणं तट्टाला अवघड असतं. डोकं गेलंच तर बूड मागे, टाचा खाली, आणि एकाच हाताने एक लगाम वरच्या दिशेने उचलायचा, कानाकडे; मागे नाही. त्याबरोबर पाय. रपेटीत, लगाम तोंडात असताना कुणीही एकही घास देऊ नये, थांबलेलं असतानाही. तुम्ही पायी सोबत असाल तर लगामाखाली म्होरकी ठेवून दोरी तुमच्या हातात घ्या, मुलीच्या हातांना विश्रांती.

तेवढ्याने भागलं नाही तर गवती लगाम: खोगिराच्या पुढच्या कडीपासून, कपाळपट्टीच्या कडीतून खाली लगामाच्या कडीपर्यंत दोरी, दोन्ही बाजूंना. डोकं नैसर्गिक उंचीवर असताना सैल, गुडघ्याखाली गेलं की ताठ. एवढीच लांबी. त्याहून आखूड बांधली तर तट्टू चढावर तोल सावरू शकत नाही.

परत सुरू करताना, डॉक्टरांनी मोकळं सोडल्यावर: पहिले दोन आठवडे मऊ जमिनीवर २० मिनिटं, नुसतं चालत, आधी स्वाराशिवाय. नाडी आणि पावलं रोज बघून. मग हळूहळू ३०-४० मिनिटं, आणि पाचव्या आठवड्यापासून मिनिटभराच्या तीन-चार दुडक्या. चढ चांगले, खडी शेवटी.

खूर-खडी:

खडीच्या आधी खुराचे बूट हा पर्याय बघा, नालाऐवजी. छाटणीनंतर तीन-चार दिवसांत रुंदी-लांबी मोजून घ्यायचे, आठ आठवड्यांनी वाढलेल्या खुरावर नाही. आत जाड पॅड बसतो, काम झालं की काढून ठेवायचे.

ठाणबंद:

आणि गवती लगाम लावलेला असताना उडी किंवा पाण्यातून जाणं नको. अडखळलं तर मान पुढे टाकायला मोकळी हवी. खोगिराच्या बाजूला दाबून सुटणारी कडी लावा, म्हणजे खोगीर न काढता सोडता येतो.